दंत तपासणी शिबिर: तारखेआधी उपचाराची सोय ठरवा

मंडळ असो, बचत गट असो की सोसायटीची कमिटी, शिबिराचा क्रम बहुधा एकच असतो: तारीख, हॉल, फ्लेक्स, पाहुणे आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. लोक रांगेत उभे राहतात, तोंड उघडतात, "दोन दात किडलेत, दाखवून घ्या" असं ऐकतात आणि पेस्टची ट्यूब घेऊन घरी जातात. दाखवायचं कुठे, कधी, किती पैसे लागतील, सोबत कोण येईल, हे कुणी सांगत नाही. किडलेला दात तसाच राहतो. गालाच्या आतला पांढरा चट्टाही तसाच राहतो आणि ते जास्त गंभीर आहे.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी उपचाराची जागा, मग गट, मग तारीख. पहिले तीन टप्पे नीट व्हायला महिना-दीड महिना लागतो. तेवढा वेळ हाताशी नसेल तर शिबिर पुढे ढकला.

१. उपचार कुठे होणार ते लेखी ठरवा

पुणे परिसरात दंत महाविद्यालयांची कमतरता नाही. धनकवडीला भारती विद्यापीठ, वडगावला सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीत डी. वाय. पाटील. अशा प्रत्येक महाविद्यालयात पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीचा, म्हणजे लोकांच्या दंत आरोग्याचा, विभाग असतो आणि शिबिरं घेणं हा त्याच्या कामाचाच भाग असतो. वस्तीला जवळ पडेल असं महाविद्यालय निवडा आणि विभागप्रमुखांच्या नावाने पत्र द्या. फोनवरच्या होकारावर थांबू नका.

पत्रात चार गोष्टी विचारा. किती डॉक्टर येतील? तपासणीचे आरसे किती आणतील? मुलांना फ्लोराइड वार्निश (कीड रोखण्यासाठी दातांवर लावायचा लेप) लावतील का? आणि शिबिरातून चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला ओपीडीत कोणत्या वारी, कोणत्या खिडकीवर पाठवायचं, कोणत्या उपचाराला किती पैसे पडतील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'नाममात्र शुल्क' हे उत्तर पुरेसं नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला आकडा कळला तरच ती सुट्टी टाकायची की नाही ते ठरवते.

तोंडात संशयास्पद चट्टा किंवा गाठ निघाली तर कुठे जायचं, तेही आत्ताच ठरवून ठेवा. ससून या सरकारी रुग्णालयात दंत विभाग आहे. कॅन्सरच्या उपचारांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होते. रेशन कार्ड आणि आधार तयार ठेवायला सांगा.

*तपासा:* तुमच्या हातात ओपीडीचे वार, वेळ, खर्चाचा कागद आणि एका ठरावीक व्यक्तीचा नंबर आहे का? नसेल तर अजून पहिल्याच टप्प्यावर आहात.

२. एक गट निवडा

'सर्वांसाठी मोफत शिबिर' असा फ्लेक्स लावला की येतात कोण? ज्यांना वेळ आहे ते. ज्यांना गरज आहे ते कामावर असतात. शिवाय तीन वर्षांचं मूल, गरोदर बाई, मशेरी लावणारी मावशी आणि कवळी वापरणारे आजोबा यांना एकच भाषण देऊन काही साधत नाही. एका शिबिराला एक गट घ्या, फार तर दोन.

गट ठरला की वेळ आपोआप ठरते. अंगणवाडीची मुलं सकाळी. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी, दोन ते चारच्या मध्ये. बांधकाम मजूर त्यांच्या बाजाराच्या सुट्टीला. ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रात, सकाळी नाश्ता झाल्यावर. डायबेटिस असलेल्यांना उपाशीपोटी ताटकळत ठेवू नका. सकाळची गोळी आणि खाणं झाल्यावरच यायला सांगा, आणि शेवटचा शुगर रिपोर्ट सोबत आणायला सांगा.

वार ठरवताना गुरुवार टाळा. देखभालीसाठी पाणी किंवा वीज बंद ठेवायची वेळ आली की पुण्यात बहुधा गुरुवारच निवडला जातो. हात धुवायला पाणी नसेल तर तपासणी होऊच शकत नाही.

३. परवानग्या आणि संमती

महापालिकेच्या शाळेत जायचं तर शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्या. फक्त मुख्याध्यापकांशी बोलून भागत नाही. मुलांच्या पालकांची सही आठवडाभर आधी मिळवा. संमतीपत्रात तपासणी आणि वार्निश अशा दोन वेगळ्या ओळी ठेवा, आणि खाली तीन प्रश्न: मुलाला दमा आहे का, दम्यासाठी कधी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं का, चिकटपट्टीची किंवा कशाची ॲलर्जी आहे का? यातल्या कशालाही 'हो' असेल तर वार्निश लावायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, शिक्षक किंवा कार्यकर्ता नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतच असतात. त्यांची तारीख आधी विचारा. त्यांनी ज्या मुलांना पुढे पाठवलं होतं त्यांची यादी मिळाली, तर तुमच्या शिबिराचं अर्धं काम तयार मिळतं.

४. जागा आणि साहित्य

मांडवापेक्षा उजेड महत्त्वाचा. पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आणि बॅटरी. नोंदणीचं टेबल आणि तपासणीची खुर्ची यांच्यात अंतर ठेवा, म्हणजे तंबाखूबद्दलचे प्रश्न रांगेतल्या शेजारणीला ऐकू जाणार नाहीत.

*सावधान:* तपासणीचे आरसे जितके, तितकीच माणसं आरशाने तपासा. एकाच्या तोंडातून काढलेला आरसा जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवून दुसऱ्याच्या तोंडात घातला जात असेल तर तिथेच थांबवा, कितीही अवघड वाटलं तरी. आरसे ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) पाकिटात बंद आलेले हवेत. कमी पडले तर उरलेल्या लोकांना एकदाच वापरायची लाकडी पट्टी आणि बॅटरी यांवर तपासता येतं.

वापरलेला कापूस, हातमोजे आणि पट्ट्या सोसायटीच्या कचऱ्यात टाकू नका. सकाळी तो कचरा कुणीतरी हाताने वेगळा करणार असतो. हा जैववैद्यकीय कचरा डॉक्टरांच्या चमूने परत न्यायचा, हे पत्रातच लिहून घ्या.

*सावधान:* शिबिरात दात काढू देऊ नका. रक्त थांबलं नाही, बीपी वाढलं, शुगर उतरली तर हॉलमध्ये कुणाच्या हातात काही नसतं. सगळी सोय असलेली मोबाईल डेंटल व्हॅन आली असेल तर गोष्ट वेगळी.

ब्रश वाटायचे असतील तर 'सॉफ्ट' लिहिलेलेच घ्या, मुलांसाठी छोट्या डोक्याचे. घाऊक बाजारातले स्वस्त ब्रश बऱ्याचदा कडक असतात, त्यांनी हिरड्या सोलवटतात आणि दातांची मुळं उघडी पडतात. पेस्ट फ्लोराइडची, पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेली. फ्लेक्सचा खर्च वाचवून रिक्षाभाड्याला ठेवा, सातव्या टप्प्यात तो लागणार आहे.

५. वही आणि तीन रंगांच्या चिठ्ठ्या

शिबिराचं खरं काम या वहीत असतं. रकाने असे: नाव, वय, फोन (आणि घरातल्या आणखी एकाचा फोन), काय आढळलं, चिठ्ठीचा रंग, कुठे जायचं, कोणत्या तारखेला, सोबत कोण, गेले का, उपचार पूर्ण झाला का, सहा महिन्यांनी काय. शेवटचे तीन रकाने शिबिराच्या दिवशी रिकामेच राहतात. बहुतेक शिबिरांच्या वहीत ते नसतातच.

लाल चिठ्ठी: दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, पू, रात्री झोपमोड करणारी कळ, किंवा तोंड नीट न उघडणं. तोंड उघडण्याची चाचणी सोपी आहे. माणसाने स्वतःची मधली तीन बोटं, एकावर एक येतील अशी, पुढच्या दातांच्या मध्ये उभी घालायची. तीन शिरत नसतील तर लाल. सुपारी खाणाऱ्यांत हे दिसतं, आणि सुपारीत तंबाखू नसली तरी होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण 'मी गुटखा नाही, साधी सुपारी खातो' असं म्हणणारा तरुण त्यामुळे सुरक्षित ठरत नाही.

पिवळी चिठ्ठी: किडलेला दात, हिरड्यांतून रक्त, साचलेलं किटण, हलणारा दात. महिनाभरात दाखवायचं.

हिरवी चिठ्ठी: उपचार नको, पण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

*सावधान:* गाल किंवा जबड्याखाली सूज, सोबत ताप, गिळायला त्रास असं काही दिसलं तर चिठ्ठी लिहीत बसू नका. त्या माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात घेऊन जा.

६. प्रत्यक्ष दिवस: गटागटाने काय बघायचं, काय सांगायचं

नोंदणी, हात धुणं, तपासणी, चिठ्ठी, आणि मग एकेकट्याशी दोन मिनिटं बोलणं, असा क्रम ठेवा. भाषण पूर्ण टाळा. प्लॅस्टिकचा मोठा जबडा दाखवून शंभर जणांना शिकवण्यापेक्षा एकाच्या हातात ब्रश देऊन 'घासून दाखवा' म्हटलं की चूक लगेच कळते. बहुतेक जण आडवा, जोर लावून आणि फक्त पुढचे दात घासतात. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून, हलक्या हाताने, आतली बाजूही घ्यायची. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. एकदाच जमत असेल तर रात्रीचं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, खळखळून चुळा भरायच्या नाहीत. दातावर राहिलेला फ्लोराइडच काम करतो.

*अंगणवाडीतली मुलं.* मुलाला आईच्या मांडीवर आडवं ठेवा, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. आता वरचा ओठ उचला. हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसते का? ती किडीची पहिली खूण आहे. अजून खड्डा पडलेला नसतो, आणि इथे फ्लोराइड आणि खाण्यातला बदल यांनी कीड थांबू शकते. ही रेघ आईच्या बोटाने तिलाच दाखवा. एकदा पाहिली की ती घरी दर आठवड्याला ओठ उचलून बघते, असा अनुभव आहे.

बाटलीतून गोड दूध पीत झोपणं, चोखणीला मध लावणं, दिवसभर थोडं थोडं बिस्किट खात राहणं, कीड इथून सुरू होते. गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं, हे ठासून सांगा. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत घासून मोठ्यांनीच द्यायचं.

*सहा ते बारा वयाची मुलं.* सर्वांत मोठी चूक इथे होते. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. आधी काही पडलेलं नसतं, त्यामुळे पालकांना तीही दुधाचीच वाटते. ती किडली तरी 'पडून नवी येईल' म्हणून सोडून देतात. ती पुन्हा येत नाही. प्रत्येक पालकाला ती दाढ दाखवा. तिच्या खोबणी खोल असतील तर सीलंटने, म्हणजे दाढेवर लावायच्या पातळ थराने, बुजवता येतात. बाराव्या वर्षी येणाऱ्या दाढेचंही तसंच.

वार्निश लावलं असेल तर मुलाच्या हातात चिठ्ठी द्या: आज गरम आणि कडक खायचं नाही, आज रात्री ब्रश नको, दात दिवसभर पिवळसर दिसतील. हे आधी सांगितलं नाही तर आई घरी गेल्यावर ते घासून काढते. वार्निश दर सहा महिन्यांनी परत लागतं.

*गरोदर बायका.* गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येणं सामान्य आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. 'पोटात बाळ आहे, आता दाताला हात लावायचा नाही' हा समज घरातल्या मोठ्या बायकांसमोरच मोडून काढा. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा असतो, आणि दुखणं किंवा सूज असेल तर कधीही दाखवायचं. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरायची आणि अर्ध्या तासाने घासायचं.

*मशेरी लावणाऱ्या बायका.* इथे वेळ द्या, कारण हा गट शिबिरात येऊनही सुटतो. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही बाई." आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासायची पूड. म्हणून प्रश्न असा विचारा: "मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा? रात्री उठून लावता का?" तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे. दात दुखतो म्हणून सुरू होते आणि मग डबी कमरेला राहते.

तपासताना खालचा ओठ पुढे ओढून, ती जिथे बोट फिरवते ती जागा नीट बघायला डॉक्टरांना सांगा. बायकांना रागावू नका, आणि "कॅन्सर होईल" हे पहिलं वाक्य तर नकोच. दिवसातली कोणती वेळ सोडणं सर्वांत सोपं जाईल ते तिलाच विचारा. आठ दिवसांनी तेवढ्याबद्दलच विचारा, मग पुढची वेळ. सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही ही तक्रार हमखास येते. गरम पाणी आणि थोडी चाल, आणि काही दिवस त्रास होईल हे आधीच सांगणं, यांचा उपयोग होतो. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. नंबर चिठ्ठीवर छापा, आणि पहिला फोन शिबिरातूनच लावून द्या. गरोदर बाई मशेरी लावत असेल तर आशाताईंना तिच्यासमोरच सांगा. तंबाखूने बाळाचं वजन कमी भरू शकतं.

*बांधकाम मजूर.* तंबाखू-चुना कोणत्या गालात धरतात ते विचारा आणि तीच बाजू आधी बघा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडून आलेल्या काहींच्या दातांवर तपकिरी डाग दिसतील. लहानपणी प्यायलेल्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे ते डाग आहेत, मळ नाही. घासून जात नाहीत. 'दात साफ करत नाही का' असं चारचौघांत म्हणू नका.

*ज्येष्ठ नागरिक.* कवळी काढायला लावूनच तपासा. तिच्या खालची हिरडी न बघितलेली तपासणी अपुरी. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, साध्या साबणाने आणि वेगळ्या ब्रशने घासायची, गरम पाणी नको, ती वाकडी होते. गोळ्यांमुळे तोंड कोरडं पडतं आणि मुळांशी कीड लागते, म्हणून औषधांची चिठ्ठी बघा. रक्त पातळ करणारी गोळी दात काढण्यासाठी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दंतवैद्य आणि गोळी देणारे डॉक्टर मिळून ठरवतील.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरातल्या माणसाला शिकवा: डोकं उंच किंवा कुशीवर, पेस्ट अगदी थोडी, फेस ओल्या कापडाने पुसून घ्यायचा. तोंडातली घाण फुप्फुसात उतरली तर न्यूमोनिया होऊ शकतो.

७. पाठपुरावा: शिबिर संपल्यावरचे दिवस

त्याच संध्याकाळी वही उघडा. लाल चिठ्ठ्या वेगळ्या काढा आणि प्रत्येकापुढे सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याचं नाव लिहा. नुसता फोन करून लाल चिठ्ठीवाला माणूस जात नाही. तो घाबरलेला असतो, मोठ्या रुग्णालयात केसपेपर कुठे काढायचा ते त्याला माहीत नसतं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. रिक्षाने घेऊन जा, खिडकीपासून डॉक्टरांपर्यंत सोबत राहा. पहिल्या आठवड्यात सगळ्या लाल चिठ्ठ्या रुग्णालयापर्यंत पोचल्या पाहिजेत.

वाटेत तीन शंका निघतील, उत्तरं तयार ठेवा. "तुकडा काढून तपासला की कॅन्सर पसरतो": पसरत नाही, तपासल्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत. "वरचा दात काढला की नजर जाते": दाताचा नजरेशी संबंध नाही. "दात साफ करून घेतले की हलायला लागतात": ते आधीच हलत असतात, किटणाने धरून ठेवल्यासारखे वाटतात.

पिवळ्या चिठ्ठ्यांना ओपीडीच्या वाराच्या आदल्या दिवशी फोन करा. एका वस्तीतल्या पाच-सहा जणींना एकाच दिवशी एकत्र पाठवलं तर जास्त जणी जातात. दात भरायला एकापेक्षा जास्त फेऱ्या लागतात, म्हणून 'गेले का' आणि 'पूर्ण झालं का' हे रकाने वेगळे ठेवले आहेत. पहिल्या फेरीत दुखणं थांबतं आणि लोक दुसऱ्या फेरीला जात नाहीत. रूट कॅनाल अर्धवट सोडलेला दात पुन्हा सुजतो.

*तपासा:* महिन्याने वही घेऊन बसा. अहवालात 'इतक्यांची तपासणी' हा आकडा खाली लिहा. वर लिहा: लाल चिठ्ठ्या किती, त्यातल्या किती जणांचे उपचार सुरू झाले, पिवळ्या किती, पूर्ण किती. देणगीदारालाही हेच पाठवा.

८. सहा महिन्यांनी

हिरव्या चिठ्ठीवाल्यांना बोलावा आणि मुलांना वार्निशचा दुसरा हात लावून घ्या. नवीन वस्ती घेण्याआधी जुन्या वहीतले रिकामे रकाने भरा. महाविद्यालयातले इंटर्न दरवर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या वेळी आलेल्या मुलामुलींचे नंबर उपयोगाचे राहत नाहीत. विभागाच्या कार्यालयाचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि वहीची एक प्रत त्यांच्याकडे, एक आशाताईंकडे द्या.